बारावी सुई

शिवणवाल्या काकूंचं दुकान संध्याकाळी किती वाजता बंद होणार, हे घड्याळ नाही, सुया ठरवायच्या. मशीनशेजारी सुयांची एक उशी होती आणि तिच्यात हातशिलाईच्या बारा सुया. बारा भरल्या की दिवा मालवायचा. अकराच भरल्या तर बारावी सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही, मग घरात दूध उतू जावो नाहीतर दारात पाहुणे ताटकळोत. काकूंनी शिवलेल्या कपड्यात सुई राहिली आणि कुणाच्या लेकराला टोचली, अशी तक्रार पस्तीस वर्षांत एकदाही आली नव्हती. ही गोष्ट त्या कुणी विचारलं की सांगत, आणि न विचारता त्याहून जास्त वेळा सांगत.

गल्लीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'सव्वा इंच' म्हणत. कोणी काहीही शिवायला टाकलं तरी काकू शिवणीच्या आत सव्वा इंच माया सोडत, म्हणजे पुढेमागे कपडा उसवून ढिला करता यावा म्हणून जास्तीचं कापड. "आज बसतंय म्हणून उद्या बसेल का? शरीर कुणाच्या बापाचं ऐकतं?" असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. त्यांनी शिवलेला सदरा थोरल्याला व्हायचा, मग धाकट्याला, आणि मग कधीकधी बापालाही.

त्यांच्या स्वतःच्या शरीरानं ऐकायचं सोडलं त्याला नऊ वर्षं झाली होती. साखर निघाली. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन आलं. त्याच सुमाराला एक विमा एजंट पॅंट कमरेत ढिली करून घ्यायला आला होता. काकूंनी सहज विचारलं, "आमच्यासारख्या दुकानवाल्यांसाठी काही असतं का हो?" तो उत्साहानं कागद काढायला लागला. 'शुगर' हा शब्द कानावर पडताच त्यानं बॅगेची चेन ओढली, "ते जरा अवघड असतं काकू," म्हणाला, आणि जाता जाता कोटाचं बटण फुकटात लावून घेऊन गेला.

म्हणजे विमा नाही, महिन्याचा पगार नाही, मागे यजमान नाहीत. औषधाच्या दुकानातलं इन्सुलिन तर महागच होत चाललेलं. पण काकू घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. पावणेदोन मीटरात दोन मीटरचं काम बसवणारी बाई ती. कापड बेतता येतं तर औषध का नाही बेतता येणार, असा त्यांनी हिशेब केला. डॉक्टरांनी वीस युनिट लिहून दिली होती. काकूंनी अठरा केली, मग सोळा, मग चौदा. एकदम नाही, शिंपी कापड वाचवतो तसं कडेकडेनं. साखर तपासायच्या पट्ट्याही त्यांनी अशाच वाचवल्या. मुद्दाम बोट टोचायचंच नाही. काम करताना चुकून सुई टोचली की बोट आधी कपड्यापासून लांब धरायचं आणि ओरडायचं, "वन्सं, पट्टी आणा लवकर, थेंब आलाय!"

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं. भाऊ गेल्यावर नणंद-भावजय एकाच घरात राहिल्या, आणि दोघींचं पटणार नाही म्हणून पैज लावणारे सगळे हरले. वन्संची जीभ इस्त्रीपेक्षा तापलेली, पण मन साफ. थेंब आला की त्या पट्टी घेऊन धावत, आकडा बघत आणि बडबडत. चौदा युनिटांची गोष्ट मात्र त्यांनाही ठाऊक नव्हती.

दोन गल्ल्या सोडून सरकारी दवाखाना होता. मंगळवारी संध्याकाळी तिथं साखरेच्या रोग्यांना तपासत आणि इन्सुलिन फुकट देत. वन्संनी तो विषय दहादा काढला असेल.

"ज्यांना खरंच परवडत नाही त्यांची ती रांग आहे," काकू म्हणायच्या. "माझे हातपाय चालताहेत. मी कशाला कुणाच्या तोंडचं काढू?"

"चालताहेत तोवर ठीक आहे हो वहिनी."

"मग चालताहेत ना!"

त्या मंगळवारी शाळेच्या चाळीस शर्टांचं काम पुरं झालं होतं. सकाळी शाळेचा शिपाई गठ्ठा न्यायला येणार होता. शेवटची बटणं पांढऱ्या दोऱ्यानं लावून झाली, काकूंनी हात झटकले आणि मोजायला घेतलं. नऊ, दहा, अकरा. पुन्हा मोजलं. अकराच.

चाळीस शर्ट, चाळीस मुलं, आणि त्यातल्या एकाच्या कॉलरमध्ये नाहीतर खिशात सुई. वन्संनी लोहचुंबक आणलं. दोघींनी एकेक शर्ट उलटा केला, शिवणीवरून चिमटीनं बोटं फिरवली, कॉलरा दाबून पाहिल्या. इस्त्री केलेला गठ्ठा पार विस्कटला. पस्तीस झाले, छत्तीस झाले. काकूंच्या कपाळावर घाम आला. "पस्तीस वर्षं," त्या पुटपुटत होत्या, "पस्तीस वर्षं, वन्सं." चाळिसावा शर्टही निर्दोष निघाला. काकू मटकन मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि सवयीनं उजवा पाय पायडलवर टेकवला. मशीन त्या नेहमी अनवाणीच चालवत. चपलेतून मशीनचं मन कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

फरशीवरचे दोरे वेचायला वन्सं खाली बसल्या. काकूंच्या तळव्याला एक पांढरा दोरा चिकटलेला दिसला, म्हणून त्यांनी तो सहज ओढला. दोरा आला नाही. त्यांनी पाय वर करून पाहिला. टाचेच्या पुढे, मऊ भागात, सुईचं नाक तेवढं बाहेर होतं. बाकीची सुई आत होती. पायडलवर रक्ताचे तीन ठिपके वाळले होते.

"वहिनी, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

वन्संनी तळवा दिव्याकडे वळवून पुन्हा पाहिला. मग त्यांची जीभ सुटली. "काखेत कळसा म्हणतात ते हेच! चाळीस शर्ट उलटे केले आणि सुई हिच्या पायात! अहो, इतकी आत गेली तरी कळलं नाही तुम्हाला?" त्या उपसायला निघाल्या तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला. "ओढू नका. आत मोडली तर निघायची नाही. सुया मला माहीत आहेत." एवढं बोलून त्या आपल्याच पायाकडे परक्याचा असल्यासारख्या बघत राहिल्या. या पायानं घर चालवलं होतं, यजमानांचं आजारपण काढलं होतं, लेकीचं शिक्षण केलं होतं. आता त्याला सुईसुद्धा कळत नव्हती. काकूंना भीती वाटली, खरीखुरी.

खासगी डॉक्टरांचं दार बंद होतं. वन्सं इस्त्रीचे कपडे पोचवायला वापरत ती सायकल त्यांनी काढली, कपडे खाली ठेवले आणि भावजयीला मागं बसवलं. "मान खाली घालायची तर घाला, पण उतरायचं नाही," असा हुकूम देऊन त्या सायकल ढकलत निघाल्या.

सरकारी दवाखान्यात शिरताना काकूंनी मान खाली घातली होती, म्हणूनच त्यांना आधी कपडे दिसले, चेहरे नंतर. बाकावरच्या पहिल्या माणसाच्या पॅंटची घडी त्यांच्या हातची होती. दुसरीच्या ब्लाउजची बाही त्यांनीच मागच्या साली उसवून ढिली केली होती. ती उलटवलेली कॉलर पोस्टमनची, तो रफू निवृत्त गणिताच्या मास्तरांचा. काकूंची मान हळूहळू वर आली. ज्यांना परवडतं असं त्या समजत होत्या, ती सगळी माणसं तिथं आपापलं कार्ड हातात धरून बसली होती, आणि कुणाचीही मान खाली नव्हती. कोपऱ्यात एक ओळखीचा कोट होता. बटण अजून घट्ट होतं.

"तुम्ही?" काकूंच्या तोंडून गेलं. "तुमचा तर विमा असेल!"

एजंट ओशाळला. "एजंटाला कोण देतो काकू? मलाही निघाली ना साखर." आणि सरकून त्यानं त्यांना जागा करून दिली.

सिस्टर चटपटीत होती. सुई अख्खी निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, जखम धुऊन झाली. मग काकूंना डोळे मिटायला सांगून तिनं नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला. काकूंना चार ठिकाणी कळलं.

"आज दिसली म्हणून वाचलात. आठवडाभर आत राहिली असती आणि जखम पिकली असती, तर पायच गेला असता. इन्सुलिन किती घेता?"

काकूंनी पदराचं टोक सरळ केलं.

"कार्डावर लिहायचंय."

"चौदा," काकू म्हणाल्या. "लिहून दिलेली वीस आहेत."

वन्संनी कपाळावर हात मारला. "सहा चोरलीत? आणि ती आपल्याच अंगातून? जगाच्या कपड्यात सव्वा इंच सोडता आणि स्वतःच्या शरीरात दोऱ्याएवढी जागा नाही ठेवलीत?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या सिस्टरवरच खेकसल्या, "लिहा हो, नीट लिहा, पत्ता मी सांगते."

काकूंनी कार्ड घेतलं. निघताना सिस्टरनं सुई डब्यात टाकली, तेव्हा त्या सवयीनं म्हणाल्या, "ती माझी बारावी आहे."

"आता सरकारजमा," सिस्टर म्हणाली.

शाळेचे चाळीस शर्ट सकाळी वेळेवर गेले. वन्संनी पहाटे उठून सगळ्यांना पुन्हा इस्त्री मारली होती.

जखम भरेपर्यंत काकू हातशिलाईच करत होत्या. पुढं सिस्टरनं अट घातली की अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. एकसष्टाव्या वर्षी काकू बूट घालून मशीन चालवायला शिकल्या. पहिली टीप अशी वाकडी आली की वन्संनी ती शेजाऱ्यांना दाखवली. काकूंनी ती उसवली, पुन्हा मारली, पुन्हा उसवली. तिसऱ्या दिवशी टीप सरळ आली, आणि त्यांनी तो तुकडा मुद्दाम दुकानाच्या दारात टांगला. पायाची गेलेली जाणीव परत आली नाही. सिस्टरनं तसं सांगितलंच होतं. पण वीस युनिटांवर साखर ताळ्यावर आली. कुणी दबक्या आवाजात विचारलं, "काकू, औषधाचं कसं जमवता हो?" तर त्या भर दुकानात ऐकवत, "रांगेत उभी राहते. मंगळवारी ये, माझ्या मागं नंबर लाव."

हल्ली दुकान बंद व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. आधी काकू सुया मोजतात, बारावी आता नवी. अकरा, बारा. मग बूट काढतात, आणि वन्सं चष्मा लावून समोर बसतात. पहिल्या दिवशी काकूंनी पाय मागं ओढला होता.

"तुम्ही मोठ्या. माझ्या पायाला हात लावायचा नाही तुम्ही."

"गप्प बसा वहिनी. पाय तुमचा असेल, पण मशीन माझ्या भावाचं आहे. ते बंद पडलेलं मला चालायचं नाही."

तेव्हापासून रोज वन्सं भावजयीचे दोन्ही पाय मांडीवर घेतात, तळवे उजेडात धरून बघतात आणि एकेक बोट वेगळं करून मोजतात. आठ, नऊ, दहा.

"भरली?" काकू विचारतात.

"भरली," वन्सं म्हणतात, आणि मग दिवा मालवतात.