तिसऱ्या बटणाचा स्क्रू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मी दुसरं काहीच लपवलं नाही. तुम्हाला सांगतोय. आत्ताच का, ते मला विचारू नका.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. वर्ध्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आगीची घंटा बसवायचं काम मला मिळालं. मी वायरमन, वय पंचविशीचं, आणि अंगात असा उत्साह की जेवताना घास हातात राहायचा, डोक्यात वायरी फिरायच्या. काय पेटी होती ती! लोखंडी, लालभडक, झाकणाच्या कडेला रबर – कारण जिनात रुईची भुकटी कुठेही शिरते आणि एका ठिणगीनं पेटते. घंटेची सगळी जोडणी पेटीत, आणि आवारात तीन ठिकाणी बटणं. कुठलंही दाबा, फाटकावरची घंटा वाजणार. झाकण लावलं की वर शिशाचं सील.

चौकीदार सोमाजीला तर माझ्याहून जास्त कौतुक. कापसाच्या गाठींच्या गोदामाच्या दाराशी तिसरं बटण होतं, ते तो रोज दुपट्ट्यानं पुसायचा.

शेठजींनी मुहूर्त काढला. नारळ, हळदकुंकू, सगळे कामगार गोळा. मी शेवटची तपासणी करत होतो – तिसऱ्या बटणाची वायर सोडवून पुन्हा लावत होतो – तेवढ्यात भटजी म्हणाले, वेळ टळतेय. मी झाकण लावलं, सील केलं. शेठजींनी फाटकाजवळचं बटण दाबलं आणि घंटा अशी कडाडली की पार बाजारातून माणसं धावत आली. मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी राहिलं. आजही तो आवाज आठवला की छाती फुलते – लाज वाटते, पण फुलते.

त्या गर्दीतच आठवलं. तिसऱ्या वायरीचा स्क्रू मी आवळलाच नव्हता.

सांगायला किती वेळ लागला असता? पण कुंकू लावलेल्या पेटीचं सील त्याच दिवशी फोडायचं? अपशकुन म्हणाले असते. अर्धवट मिस्त्री म्हणून हसले असते. उद्या बघू, म्हटलं. मग परवा. मग मी त्या फाटकावरून जाणंच टाळू लागलो.

महिन्याभरानं भर दुपारी गोदाम पेटलं. घंटा वाजली नाही. सोमाजी ओरडत धावला. माणसं पोचेपर्यंत अर्ध्या गाठी गेल्या, आणि उरलेल्या ओढताना त्याचे हात कोपरापर्यंत भाजले. शेठजींनी मला बोलावलं. सगळ्यांकडे पाठ करून मी पेटी उघडली, स्क्रूला दोन फेरे दिले – दोनच – आणि म्हणालो, जा, तिसरं बटण दाबून बघा. घंटा खणखणीत वाजली. मग सगळ्यांनी सोमाजीकडे पाहिलं. त्याच दिवशी त्याला काढलं.

जाताना तो माझ्यापाशी आला. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. रागावला असता तर बरं झालं असतं.

"म्या दाबलं होतं न, मिस्त्री? मले तं दाबल्यावानीच वाटते."

"घाबरल्यावर होते असं, सोमाजी," मी म्हणालो.

त्यानं थोडा विचार केला आणि मान हलवली. त्याला पटलं.

सोमाजीनं बटण दाबलं होतं.