बॅकहँडवर मारायचं नाही

वाशीममध्ये मला एकच मित्र होता आणि त्याला मी संघातून वगळलं. हे वाक्य एखाद्या नामवंत क्रिकेटपटूच्या आत्मचरित्रात शोभलं असतं. माझ्या बाबतीत संघ चार जणांचा होता, मैदान म्हणजे विश्रामगृहामागचं तडे गेलेलं सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं, आणि मी स्वतः टेनिसची रॅकेट आजवर फक्त दुसऱ्या कुणाची सांभाळायला म्हणूनच हातात धरली आहे.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर परत जावं असं गावाकडे कुणी उरलं नव्हतं. म्हणून भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिलो. टेनिस मी वाचून शिकलो. वाचनालयात येणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्राचं खेळाचं पान कुणी उघडायचं नाही. घडीसुद्धा न मोडता ते माझ्या वाट्याला यायचं. त्यातही मला डेव्हिस कपचं आकर्षण. एरवी टेनिसपटू एकटा खेळतो, एकटा हरतो, पाणीसुद्धा एकटा पितो. या एका स्पर्धेत मात्र तो देशाकडून खेळतो आणि त्याचा कॅप्टन थेट कोर्टावर, त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. कॅप्टन खेळत नाही. टॉवेल देतो, दोन शब्द बोलतो. मला ही कल्पना फार माणुसकीची वाटायची.

मित्र पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होता, मूळचा किन्हीराजाचा, घरची शेती. त्याचं टेनिस वाचलेलं नव्हतं. नोकरीत अंगावर पडलेलं होतं. पहिल्याच नेमणुकीला शहरातून बदलून आलेल्या एका साहेबांनी सोबत दोन रॅकेट आणल्या होत्या, आणि जाळीच्या पलीकडे कुणीतरी हवं होतं. तरुण अभियंत्याला हुकूम झाला. संध्याकाळी कोर्टावर जायच्या आधी ऑफिसातल्या हेडक्लार्कने त्याला बाजूला घेऊन या खेळाचा एकमेव नियम सांगितला होता: साहेबाच्या बॅकहँडवर, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला, मारायचं नाही.

तीस-एक वर्षं त्याने तो नियम पाळला. नऊ साहेब झाले. चेंडू साहेबांच्या उजव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर, दोन पावलं धावावं लागेल पण तिसरं पडणार नाही इतक्या अंतरावर टाकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. हरायचा तो नेहमी सहा-चार. सहा-शून्य कधीच नाही. "सहा-शून्य हारलं का साहेबाले शंका येते," तो म्हणायचा. "चार गेम घ्या लागते. त्याले बी वाटलं पाह्यजे ना का आपन घाम गाळला."

सप्टेंबरात आणि फेब्रुवारीत भारताच्या लढती असल्या की तो माझ्या खोलीवर यायचा. मी मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि आम्ही दोघं त्या तळहाताएवढ्या पडद्यासमोर चिवड्याची ताटली घेऊन बसायचो. नियम मी सांगायचो, खेळ त्याला दिसायचा.

एकदा कुठल्याशा लहान देशाचा एक दुबळा दिसणारा खेळाडू एका बलाढ्य देशाच्या खेळाडूला सारखा डाव्या कोपऱ्यात पळवत होता.

"त्याच्या बॅकहँडवरच मारून राह्यला ना लेक," मित्र म्हणाला.

"त्यासाठीच तर आलाय."

"अन् मंग याची बदली नाई होत?"

मी हसलो. तो हसला नाही. "नाई, इचारून राह्यलो," म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

त्याच वर्षी हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या मनात आलं की शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांबरोबर टेनिसची लढत खेळावी आणि तिला 'आपला डेव्हिस कप' म्हणावं. साहेबांना खेळापेक्षा फलक जास्त आवडायचा. बैठकीला मला बोलावलं ते 'माहीतगार' म्हणून. मला असल्या थाटामाटाची टिंगल करायची जुनी सवय. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "खरा डेव्हिस कप असेल तर न खेळणारा कॅप्टन लागतो. तो कोर्टावर खुर्ची टाकून बसतो, कोण खेळणार ते ठरवतो आणि त्याच्या निर्णयात कुणी बोलायचं नसतं."

साहेब खूश झाले. "मग तुम्हीच बसा," म्हणाले.

टिंगल तिथेच संपली. मला ते तेव्हा कळलं नाही.

चार जणांचा संघ ठरला. एकेरीचे सामने दोन तरुण अधिकारी खेळणार होते, त्यांतला एक विद्यापीठाकडून खेळलेला. दुहेरीला एक बँक मॅनेजर आणि माझा मित्र. पलीकडून दुहेरीत त्या जिल्ह्याचे मोठे साहेब उतरणार होते. त्यांचा बॅकहँड कच्चा आहे हे दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललेलं नव्हतं.

लढतीच्या आठवडाभर आधी मित्र खोलीवर आला. सामना वगैरे काही नव्हता, नुसताच आला. चहा निम्मा झाल्यावर म्हणाला, "जानेवारीत रिटायर होऊन राह्यलो."

"माहीत आहे."

"मले खेळवशीन ना बावा?"

"ठरलंय ना. यादी गेलीय वर."

"यादी तं सरकारात रोजच वर जाते." त्याने कप खाली ठेवला. "हे पाह्य. तीस वर्ष झाले. एक डाव त्या बॅकहँडवर मारू दे मले. तिथं चालते ना? देशाचं हाय म्हनल्यावर कोनी काई म्हनू शकत नाई ना?"

"जिल्ह्याचं," मी दुरुस्ती केली.

"जिल्ह्याचं तं जिल्ह्याचं. पन रूल मंदी बसते ना?"

"बसतं," मी म्हणालो.

त्यानंतर तो सकाळी लवकर उठून कोर्टाच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारू लागला. फिरायला जाताना मी पाहायचो. भिंतीवर त्याने खडूने एक फुली काढली होती, समोरच्याचा डावा हात येईल त्या, उजव्या बाजूला. पहिले दोन दिवस चेंडू फुलीच्या डावीकडेच जाऊन आदळायचा. हाताला त्या बाजूची सवयच नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी फुलीवर लागायला लागला.

लढतीच्या दिवशी कोर्टाच्या मधोमध रांगोळी काढलेली होती. ती सर्व्हिसच्या रेषेवरून गेल्यामुळे चेंडू आत पडला की बाहेर, ते पुढे दिवसभर उडालेल्या रंगावरून ठरवावं लागलं. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. दीपप्रज्वलन बेसलाइनवर झालं. दोन्ही संघांचं राष्ट्रगीत एकच असल्याने ते एकदा म्हणायचं की दोनदा यावर आदल्या दिवशी वीस मिनिटं चर्चा झाली होती. एकदाच म्हणायचं ठरलं. वेळ उरला नाही म्हणून पाचाऐवजी तीन सामने. या सगळ्यावर मी मनातल्या मनात टिपणं करत होतो, संध्याकाळी मित्राला सांगायची म्हणून.

आणि मग मी त्या खुर्चीवर बसलो. पांढरं आवरण घातलेली, पाठीवर निळी फीत बांधलेली खुर्ची. शेजारी पाण्याची बाटली. तरुण अधिकारी घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी मला विचारलं, "सर, काय करू?" चाळीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. लोकांनी मला विचारलं ते पुस्तक कुठल्या कपाटात आहे एवढंच.

विद्यापीठवाला जिंकला. दुसरा हरला. एक-एक. उरली दुहेरी.

जेवणाच्या सुटीत विद्यापीठवाला माझ्याकडे आला. "सर, मी पुन्हा खेळू शकतो. दुहेरीसुद्धा."

मला नियम पाठ होता: सामन्याच्या तासभर आधीपर्यंत कॅप्टनला जोडी बदलता येते. घड्याळात पाहिलं. एक तास दहा मिनिटं उरली होती.

मी स्वतःला जे सांगितलं ते असं. मित्राचा हात तीस वर्षं एका बाजूला वळलेला आहे. भिंतीला पद नसतं; समोर खरा साहेब उभा राहिला की चेंडू आपोआप त्याच्या उजव्या हाताला जाईल. आपण हरू. हे कारण खोटं नव्हतं. पण एवढंच कारण असतं तर मी ते मित्राला बाजूला घेऊन स्वतः सांगितलं असतं. मी बदललेली यादी निवेदकाकडे दिली आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

त्याची बायको किन्हीराजावरून जावेला घेऊन आली होती. दोघी जाळीच्या कुंपणाबाहेर डबा मांडीवर ठेवून बसल्या होत्या. माइकवर दुहेरीची नावं वाचली गेली. त्याचं आलं नाही. तो कोर्टाच्या कडेला पायातले बूट घट्ट करत होता. त्याने नाडीची गाठ पूर्ण बांधली, उठला, माझ्याकडे पाहिलं आणि बायकोजवळ जाऊन बसला.

विद्यापीठवाल्या पोराने पहिल्या गेमपासून शेजारच्या जिल्ह्याच्या साहेबांच्या बॅकहँडवर मारलं. दर वेळी तिथेच. साहेब वळायचे, चुकायचे, हसायचे, मग हसेनासे झाले. आम्ही दोन सेटमध्ये जिंकलो. पलीकडच्या साहेबांनी हस्तांदोलन करताना माझी पाठ थोपटली. "तुमची निवड अचूक होती," म्हणाले. फोटोत मी मधोमध आहे. करंडक धरलेला.

संध्याकाळी मी टिपणं सांगायला वाट पाहत बसलो. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "अभिनंदन, कॅप्टनसाहेब." मला वाटलं, चला, टोमणा मारला म्हणजे राग निघाला. मी म्हणालो, "अरे, ऐक तर." तो म्हणाला, "बोला ना सर."

तो टोमणा नव्हता. पुढच्या भेटीतही तेच, त्याच्या पुढच्याही. न रागावता, न अडखळता, तो मला ज्या आदराने वागवू लागला तो आदर मी त्याच्यात नऊ साहेबांशी वागताना पाहिलेला होता.

जानेवारीअखेर निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, फ्रेममधलं मानपत्र. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. माझं चुकलं हे तिथे सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. मी सहा-चारची गंमत सांगितली. लोक खूप हसले. तोही हसला, अगदी वेळेवर.

फेब्रुवारीत भारताची लढत आली. मी चिवडा आणला, मोबाइल डब्याला टेकवला आणि त्याला फोन लावला. मागे कुठेतरी मोटारपंप चालू होता. "मी गावाकडे हावो सर," तो म्हणाला. "हरभरा काढनीले आला. तुमी पाहून घ्या. मंग सांगजा कोन जिकलं ते." मी सामना पाहिला. मध्ये एकदा एका नियमाबद्दल मोठ्याने बोललोही. खोलीत आवाज इतका मोठा वाटला की पुढचा सेट मी गप्प बसून काढला. ताटलीतला चिवडा मऊ पडला. कोण जिंकलं ते मी त्याला कळवलं. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

पंधरा दिवसांनी मी बसने किन्हीराजाला गेलो. फाट्यावर उतरून पायी शेत गाठलं. हरभऱ्याची गंजी लागली होती, थ्रेशर चालू होतं, हवेत पिवळा भुसा. तो डोक्याला दुपट्टा बांधून पेंढ्या पुढे सरकवत होता. मला पाहून त्याने कुणाला तरी घराकडे पिटाळलं. प्लास्टिकची खुर्ची आली. बाकीचे सगळे, तोसुद्धा, धुऱ्याच्या बांधावर बसले. पाणी आलं, चहा आला. यंत्र थांबल्यावर मी बोललो.

"त्या दिवशी चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुला खेळवायला हवं होतं."

त्याने दुपट्टा सोडला, तोंड पुसलं, झटकून पुन्हा बांधला. "नाई सर. बरोबर होतं तुमचं. माह्या हातानं नसतंच झालं. त्याच्या फोरहँडवरच गेले असते समदे. हारलो असतो आपन."

"फुलीवर लागत होते तुझे. मी रोज पाहायचो."

हे मी बोलायला नको होतं. 

"पाह्यत होते?" तो म्हणाला. "मले वाटलं कोनाले माहीत नाई."

मग उठला. "थ्रेशर भाड्याचं हाय सर, थांबवून नाई जमत. जेवून जाजा. घरी सांगून ठेवलं हाय."

मी बस चुकेल असं काहीतरी म्हणालो. त्याने आग्रह केला, पुरेसा, जास्त नाही. त्याची मोटारसायकल बाभळीखाली उभी होती. आजवर मी जितक्या वेळा त्या गावी आलो होतो तितक्या वेळा त्यानेच मला फाट्यावर सोडलं होतं. मी तिच्याकडे चालत गेलो. पण त्याने थ्रेशरवाल्याला हाक मारली. "तुले डिझेल आनाचंच हाय ना? सरांले फाट्यापावतर घेऊन जाय. सावकाश नेजो."

थ्रेशरवाला जिल्ह्यातल्याच मालेगावकडचा होता, हंगामापुरता आलेला, ना त्याला ओळखत होता ना मला. वाट खडबडीत होती. मी मागे त्याचा रिकामा कॅन धरून बसलो. निम्म्या वाटेवर त्याने मान जराशी वळवली आणि विचारलं, "तुमी काकाचे साहेब होते काय?"

मी नाही म्हणालो. गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं, कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, "मोठा मान ठेवते तुमचा."