उलट्या तोंडानं चढलेला घाट

लॉरी अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी बंद पडली होती. तिच्या पाइपातून काकवीसारखं काळं काहीतरी टपटप गळत होतं. सकाळची वेळ, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. आमचे यजमान, म्हणजे लॉरीचे ड्रायव्हर, बॉनेट उघडून उभे होते.

"कोळसेवाल्यानं फसवलं," ते म्हणाले. "ओला कोळसा दिला बेइमानानं."

"माणसं कशी असत्यात, न्हाई?" मी म्हणाले आणि दुःखानं मान हलवली.

कोळसेवाला बिचारा निर्दोष होता. ही करणी माझी होती.

आजच्या लोकांना कोळशावर चालणारी लॉरी खरी वाटत नाही, म्हणून सांगते. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, तेही अत्तरासारखं थेंब थेंब. म्हणून लॉरीच्या केबिनमागे माणसाच्या उंचीचं एक लोखंडी पिंप बसवलेलं असे. त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा आणि हवा मोजकीच द्यायची. मग त्यातून गॅस निघतो. तो पाइपातून फिल्टरला जातो आणि तिथून इंजिनात. फिल्टर म्हणजे काथ्या भरलेली पेटी. गॅसमधली घाण काथ्यात अडकते. गाडी चालते, पण ताकद निम्मी.

पिंप भरणं, पंखा फिरवून विस्तव फुलवणं, फिल्टर साफ करणं, ही क्लीनरची कामं. आमचा क्लीनर त्याच महिन्यात पळून गेलता. ती जागा मी मागितली. वय सतरा, अक्कल सात वर्षांची, आणि तोंड सत्तरीचं.

लॉरी जालन्याच्या एका शेठची. शेठ आधी खूप हसले. मग म्हणाले, "एक खेप बघतो. खानदेशातून केळी आणायची. थंडीनं केळी काळी पडतात, ध्यानात ठेव. घाटाखाली एक रात्र जादा गेली तर माल गेला. अन् माल गेला तर तू कुंभार पिंपळगावला सासूकडं, अन् लॉरीवर दुसरा माणूस. कबूल?"

"बिलकुल कबूल," मी म्हणाले. सासूबाईंनी तिकडे माझ्यासाठी दोन म्हशी राखून ठेवल्या होत्या. म्हशींचं माझ्याशी वैर नव्हतं, पण मला लॉरीच हवी होती.

आता माझी ती करणी सांगते. आदल्या रात्री केळीच्या बागेजवळ मुक्काम होता. थंडी फार. क्लीनरबाईंनी, म्हणजे मीच, पोत्यातला निम्मा कोळसा शेकोटीत घालून स्वतःचे पाय शेकले. पहाटे हिशेब लक्षात आला. मग या बाईंनी शोध लावला: राहिलेला कोळसा घाटासाठी राखायचा आणि सपाटीला गोवऱ्या चालवायच्या. चुलीत जळतं ते पिंपात का जळणार नाही? बागवानाच्या बायकोकडून पाटीभर गोवऱ्या घेतल्या. हे टायर बघत होते तेवढ्यात त्या पिंपात रचल्या, वर झाकण. स्वयंपाकात मी हुशार होते, त्याचा हा परिणाम.

गोवऱ्या जळल्या, पण त्यांच्या धुरातलं डांबर पाइपात बसलं. घाटापर्यंत गाडी कशीबशी आली आणि गप झाली.

यजमानांनी हँडल घातलं. पुढून लोखंडी दांडा खुपसून इंजिन हातानं फिरवायचं, तसं. दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. चौथ्यांदा इंजिनानं उलटा झटका मारला आणि हँडल त्यांच्या उजव्या मनगटावर बसलं. ते मटकन खाली बसले. मनगट डोळ्यांदेखत सुजायला लागलं.

इतका वेळ आतल्या आत दाबलेलं माझं हसू थांबलं. माझ्या पाटीभर गोवऱ्यांनी गाडी बंद पाडली होती आणि ड्रायव्हरचा हात जायबंदी केला होता. मागे केळीचे घड, वर घाट.

"मोडला का हो?"

"मोडला न्हाई. पण स्टेअरिंग धरता येत न्हाई." ते शांतपणे म्हणाले. "आजची खेप गेली."

"गेली कशानं? सांगा काय करायचं ते. मी करते."

पाइप सोडवून बाभळीच्या काटकीनं खरवडला. पिंप रिकामं केलं. फिल्टर उघडला, तर काथ्याचा चिखल झालेला. तो धुऊन काही उपयोग नव्हता. दुसरा काथ्या कुठून आणणार? मग माझं लक्ष माझ्याच गाठोड्याकडे गेलं. माझं माहेर अंबडकडचं, मेंढ्या राखणारं. आमच्यातल्या बाया चालता चालता सूत कातत, त्यामुळे पिंजलेली लोकर सोबत असायचीच. ती सगळी मी फिल्टरमध्ये कोंबली.

"लोकर? कुणी ऐकलं तर हसंल," हे म्हणाले.

"हसू द्या. मेंढीच्या अंगावर लोकर उभा जन्म धूळ अडवते, अन् पेटीत अडवणार न्हाई?"

राखलेला कोळसा पिंपात घातला, पंखा फिरवला. हँडल मी मारलं. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, दांड्याला वेढू नको," असं ते ओरडत होते. तिसऱ्या फेरीला इंजिन चालू झालं. मी एवढ्या जोरात ओरडले की करोडगिरी नाक्यावरचा शिपाई शेकोटी सोडून धावत आला. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात.

आता चालवायची कुणी? ह्यांचं मला शिकवणं चालू होतं. जालन्यात जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात मी चार वेळा लॉरी फिरवली होती. त्यात कापसाच्या एका गाठीला मधोमध धडक दिली होती आणि वर 'गाठच आडवी आली' असं म्हणाले होते.

हे बाजूला बसले, मी स्टेअरिंगवर. पहिला गिअर टाकला. गाडी पहिल्या चढावर धापा टाकू लागली, थांबली आणि हळूच मागे घरंगळून सपाटीला आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"पहिल्यापेक्षा ताकदीचा गिअर कोणता?" मी विचारलं.

"कुठलाच न्हाई. पहिलाच." मग ते थांबले. "रिव्हर्स हाय. पण तो मागं जायला."

"मंग मागं जाऊ की. घाटाला काय माहीत आपलं तोंड कुणीकडं?"

त्यांनी एकदा घाटाकडे बघितलं. मग दार उघडून खाली उतरले. "फिरव," म्हणाले. "मी म्होरं चालतो. माझा डावा हात बघ, दुसरं काही बघू नको."

शिपायानं ढकलायला हात लावला. गाडी फिरवली. तोंड खानदेशाकडे, पाठ घाटाकडे. रिव्हर्स टाकला, आणि लॉरी चढू लागली! मुंगीच्या चालीनं, पण चढू लागली.

नाक्यावरचे मुन्शी लेखणी घेऊन बाहेर आले. "क्या जी, जा रहे कि आ रहे?"

"वर चाललो, मुन्शीजी!" हे ओरडले.

मी मान मागे वळवून, दाराबाहेर अर्धी लोंबकळत चालवत होते. वळणावर वळणं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. हे डावा हात उचलून दाखवत, "माझ्याकडं… माझ्याकडं… बस! सीधी!" थांबायची सोय नव्हती. थांबलो तर विस्तव मंदावणार, आणि पुन्हा निघणं अवघड. अर्ध्या घाटात वरून कापसाच्या बैलगाड्या आल्या.  ढुंगण पुढे करून चढणारी लॉरी आणि तिच्यात कासोटा घातलेली बाई बघून बैलच आधी कड्याकडे सरकले. गाडीवाले नंतर सरकले.

माथ्यावर सपाटी आली तेव्हा मी ब्रेक दाबला. खाली उतरले आणि लहान पोरीसारखी टाळ्या वाजवू लागले. यजमानांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि मला तोंड पुसायला दिला. ते काजळीनं काळं झालेलं.

मग म्हणाले, "आता जालन्यात पोचलो की त्या कोळसेवाल्याची गठडी वळतो."

"अहो थांबा," मी म्हणाले. आणि गोवऱ्यांचं सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्या काळ्या तोंडाकडे बघितलं. मग हसायला लागले. हसता हसता मनगट दुखायचं, मग कण्हायचे, मग पुन्हा हसायचे.

पुढचा रस्ता सपाट होता, आणि कोळसा वाटेतल्या गावात पुन्हा घेतला. तोंड पुढे करून मीच चालवली. दिवस मावळायच्या आत जालन्याच्या बाजारात पोचलो.

शेठनी आधी ह्यांचं बांधलेलं मनगट बघितलं. "मंग लॉरी आणली कुणी?"

"हिनं."

शेठ गाडीला एक फेरी मारून आले. मधला घड ओढून काढला आणि एका केळ्याची साल नखानं ओरखडली. काळा डाग कुठे नव्हता. पांढरा चीक वाहिला. दुसरा घड, तिसरा घड. मग रुमालानं बोटं पुसली.

"परवा पहाटे पुन्हा जायचंय," ते म्हणाले. "ह्याच्या हाताला आराम दे. क्लीनर मी दुसरा बघतो."

"क्लीनर? अन् मी?"

"तू ड्रायव्हर न्हाईस का?"

त्या दोन म्हशी शेवटी धाकट्या जावेच्या वाट्याला गेल्या.

पुढे कितीतरी वर्षं लॉरी चालवली. नव्या पोरांना शिकवलं तेव्हा एकच गोष्ट सांगत आले. चूक कबूल करावी, लपवू नये. पण आधी घाट चढून घ्यावा.