मागच्या बाकावरचा आवाज

पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हीच माझी रोजीरोटी. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं धजलो नव्हतो...

कापसाचं सगळं बिनसलं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. यवतमाळच्या सेशन कोर्टात मी विधी सेवेकडून केसेस घ्यायचो — ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्या. अशा आरोपींचं कोर्टात सहसा कुणी येत नाही. मीही एकटाच राहायचो. कोर्ट सुटलं की खोलीवर जायचीही घाई नसायची.

रामदास राळेगाव तालुक्यातला. बायकोला, वंदनाला, शेतातल्या विहिरीत ढकलून मारलं आणि पळून गेला, असा आरोप. साक्षीदार एकच, शेजारचा शेतकरी. त्याचा आणि रामदासचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद. मी जेलमध्ये भेटायला जायचो तेव्हा रामदास मान खाली घालून बसायचा. काय घडलं ते कधीच सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "कायले येता साहेब? आता कोनासाठी सुटू?"

त्या दुपारी साक्षीदाराची उलटतपासणी होती. तो कशालाच बधेना. माझे प्रश्न संपले, मी खाली बसणार... तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"इहिरीतून बाहीर कोनं काढलं, थे इचारा न त्याले."

मी वळून पाहिलं. मागचे बाक रिकामे. न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, वकीलसाहेब, काय झालं? म्हणजे त्यांना ऐकू आलं नव्हतं. पण पिंजऱ्यातल्या रामदासने पहिल्यांदाच मान वर केली होती. तो त्याच बाकाकडे बघत होता.

मी तोच प्रश्न विचारला. साक्षीदार गडबडला. गावकऱ्यांनी काढलं म्हणाला. कोणत्या गावकऱ्यांनी, म्हटलं, तर नावं सांगता येईनात. शेवटी बोलून गेला, "त्यानंच काढलं... उडी घेतली न त्यानं मागोमाग."

ढकलून पळालेला माणूस मागोमाग उडी घेत नाही. केस तिथेच फिरली. पुढे रामदास निर्दोष सुटला.

त्याला न्यायला कुणीच आलं नव्हतं, म्हणून मीच एसटी स्टँडपर्यंत सोबत गेलो. राळेगावची गाडी लागायची होती. तो बाकावर टेकला. मग म्हणाला, "त्या दिवशी तुमी बी आयकलं न?"

मी हो म्हटलं.

"आवाज तिचाच व्हता. पन काय बोलली थे मले नाई समजलं... माह्याबद्दल काई म्हनली काय?"

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तेवढंच होतं. त्याने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, मग मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला.

तो प्रश्न माझ्याच मनात आला असेल, असं मी स्वतःला अनेकदा समजावलंय. पण मग रामदासने काय ऐकलं? आजही कोर्ट रिकामं झालं की मी जरा वेळ तिथेच बसून राहतो. कुणी काही बोलत नाही.