मारिकेबाईंचा सत्कार आणि दोन पोती कोंडा

चहा आधी संपवा, नाहीतर हसताना सांडाल. ही फजिती मीच सांगून टाकतो. आमगावात दुसऱ्या कोणाकडून ऐकलीत तर तो वाढवून सांगेल!

मी शाळेत पीटीचा मास्तर. आमच्याकडे एका राइस मिलचं धान वाळवायचं मोठं सिमेंटचं पटांगण आहे. हंगाम नसला की तिथे मी सोळा पोरींना चाकांचे बूट घालून स्केटिंग शिकवतो. म्हणजे शिट्टी मी वाजवतो, शिकतात त्या स्वतःच. पण त्यातल्या पिंकीचं ढोपर फुटलं आणि मिलवाले शेठ बिथरले.

"मास्तर, पोट्ट्या पडून राहिल्या ना! उद्या कोणाचा हात मोडला तर? बंद करा हे."

बंद? पोरींचे चेहरे बघवेनात हो!

तेवढ्यात माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली नेदरलँडहून भावाच्या लग्नाला आली, आणि सोबत तिच्या तिकडच्या शेजारी मारिकेबाई. या बाई बर्फावर फिगर स्केटिंग करायच्या. त्यांच्या देशाकडून युरोपभर खेळलेल्या, आता निवृत्त. मी लगेच पटांगणावर त्यांचा सत्कार ठरवला आणि शेठना अध्यक्ष केलं. बाईंना पाहून शेठची भीती जाईल, हा माझा डाव.

आणि इथेच माझं डोकं नको तेवढं चाललं. बर्फावर खेळणाऱ्या बाईंना खरखरीत सिमेंट कसं चालेल? मिलमध्ये तांदळाचा तेलकट कोंडा पडलेला होताच. सकाळी दोन पोती कोंडा फडक्यांनी फरशीवर घासून घेतला. असं चकाकलं पटांगण, की त्यात बघून भांग पाडून घ्यावा!

"सर, काऊन घासून राहिले इतकं?" पिंकी म्हणाली. "पाय सरकते ना!"

"सरकलाच पायजे! तुले काय समजते त्यातलं?"

मग मी माईक धरला. "मारिकेबाई आयुष्यात एकदाही पडलेल्या नाहीत!" हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण भाषणात एवढं चालतं की नाही?

वैशालीने बाईंना ते इंग्रजीत सांगितलं. बाईंच्या भुवया कपाळावर गेल्या.

शेठ शाल-नारळ घेऊन निघाले आणि तिसऱ्या पावलाला आडवे! नारळ गडगडत फाटकाबाहेर. त्यांना धरायला मी धावलो, तो घसरून बसल्या बसल्या थेट पोत्यांच्या थप्पीत. संपलं सगळं, म्हटलं.

बाई मात्र हसत खाली बसल्या आणि सरकत सरकत शेठजवळ पोचल्या. त्या बोलत होत्या, वैशाली मराठीत सांगत होती. "बाई म्हणतात, शेवटच्या मोठ्या स्पर्धेत उडी घेताना त्या सगळ्यांसमोर पडल्या. उठून पुढचं सगळं पूर्ण केलं. नंबर शेवटचा आला, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्यात आधी पडायलाच शिकवतात. या मुलींना कोणी शिकवलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोत्यांकडे बघितलं.

कोंडा धुऊन निघाल्यावर बाईंनी पोरींना धडा दिला. गुडघे वाकवा, एका अंगावर कलंडा, हात आत घ्या. पिंकी दहादा पडली आणि दहादा खिदळत उठली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. शेठ कंबर चोळत सगळं बघत होते.

"ठीक आहे मास्तर, पटांगण पोट्ट्यायचं. पण कोंड्याले तुमचा हात लागला नाही पायजे!"

परवा नेदरलँडहून पार्सल आलं. गुडघ्यांना बांधायच्या गाद्यांच्या सोळा लहान जोड्या आणि एक मोठी. मला वाटलं, शेठसाठी असेल. पण तिच्यावर नाव माझं होतं!

आता रोज वर्ग सुरू झाला की सोळाच्या सोळा पोरी रांगेत उभ्या राहतात आणि मलाच विचारतात, "सर, आज पडून दाखवता का?"