काट्यावरची यादी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या मामांनी लावलेली वर्षातल्या दहा उत्तम अल्बमची शेवटची यादी खोटी होती, आणि ती खोटी मी केली होती.

तुम्ही म्हणाल, साखर कारखान्यात अल्बमची यादी कशाला? आम्हीही तेच म्हणायचो. मामा, म्हणजे नात्याने नव्हे, सगळ्या कारखान्याचेच मामा, अंबड तालुक्यातल्या आमच्या कारखान्यात, ऊस मोजायच्या काट्यावर क्लार्क होते. हात वजनाच्या पावतीवर, कान खिडकीबाहेर. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि प्रत्येकावर लग्नाच्या बँडला लाजवील असा स्पीकर. आम्ही कानात कापूस घालायचो. मामा मात्र मान वाकडी करून ऐकायचे आणि हाक मारायचे, "पेनड्राइव्ह दे रे. पुढच्या खेपेला घेऊन जा."

मामांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. उसाची पहिली मोळी पडली की सुरू, गाळप बंद झालं की संपलं. उरलेल्या महिन्यांत बहुधा संगीताला रजा. नियम एकच. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, मधलं एकही सोडायचं नाही. कव्वाली, गझल, भीमगीतं, वरातीतला धांगडधिंगा, सगळ्यांना न्याय सारखा. कुणी नाक मुरडलं की विचारायचे, "पूरं ऐकलं का? न्हाई ना? मंग बोलू नका." हे ते शेतकी अधिकाऱ्यालाही म्हणाले होते. त्यांना बढती का मिळाली नाही, याचा शोध घ्यायची गरज नाही.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी यादी नोटीस बोर्डावर लागायची. मामांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून टाइप मी करायचो. मी शेजारच्या टेबलावर, चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप आणि तरीही टेम्पररी. "साहेब, एवढं झकास करून द्या," म्हणायचे. मला साहेब म्हणणारा सगळ्या कारखान्यात तेवढा एकच माणूस.

मग बोर्डासमोर ड्रायव्हर लोकांची भांडणं. "मामा, आमचा अल्बम सातवा? काटा मारला तुम्ही!"

"पह्यला सहावा पूरा ऐक. मंग ये."

त्या वर्षी घनसावंगीकडचा एक ड्रायव्हर आला. त्याच्या स्पीकरवर त्याच्या बायकोचा आवाज होता. भीमगीतांचा अल्बम, नऊ गाणी, जालन्याला जाऊन रेकॉर्ड केलेला. तो पेनड्राइव्ह परत द्यायला मामांनी तीन खेपा लावल्या. यादी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "एक नंबर बाईंचा. त्याला सांगून ठेवलंय, ताईंना बोर्ड बघायला घेऊन ये म्हणून. बराबर टाइप करा, साहेब."

मी बराबर टाइप केलं. फक्त एक नंबरला चेअरमनच्या मेव्हण्याचा भक्तिगीतांचा अल्बम घातला. हा अल्बम कारखान्यात सगळ्यांना फुकट वाटला होता आणि तरीही त्याचे गठ्ठे स्टोअरमध्ये शिल्लक होते. माझी पर्मनंटची फाइल चेअरमनच्या टेबलावर होती. ते बोर्ड वाचतील, खूश होतील, टाइप कुणी केलं विचारतील, असा माझा थोर विचार.

आता पुढचं. मेव्हण्याला वर घालून बाईंना दोन नंबरला ठेवता आलं असतं. मी ठेवलं नाही. मी त्यांना यादीतूनच काढलं. नोकरीची भीती, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. भीमगीतं आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या वर कशाला, हेही माझ्या मनात होतं. जयंतीची मिरवणूक गल्लीत आली की खिडकी लावून घेणाऱ्या घरात मी वाढलो. टाइप करताना ती खिडकी सोबत होती.

शिपायाने यादी परस्पर बोर्डावर लावली. मामा तिथं पोचले तेव्हा बाई आधीच उभ्या होत्या, पांढऱ्या इस्त्रीच्या साडीत. वरून खाली वाचलं, पुन्हा वरून खाली वाचलं. नवऱ्याने विचारलं, "मामा, आमचं कुठंय?"

मागून कुणीतरी खिदळलं, "मामा बी चेअरमनचे झाले!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोर्डावरची टाचणी सरळ करत होतो. फार महत्त्वाचं काम होतं ते. मामा बाईंना म्हणाले, "ताई, माझ्याकडून चुकलं."

"चुकलं म्हंजी आवडलं न्हाई, असंच ना मामा?" बाई म्हणाल्या. "तसं सांगा की." आणि गेल्या.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. चारचौघांत माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. महिन्याभरात मी पर्मनंट झालो. ऑर्डरवरची सही यादी लागायच्या आठ दिवस आधीची होती. चेअरमननी तो बोर्ड कधीच वाचला नव्हता.

पुढच्या हंगामात मामांनी काट्याची खिडकी लावून घेतली. "धूळ लई येऊन राह्यली," म्हणाले. ड्रायव्हर यादी मागायला आले तर, "कान गेले रे बाबा." कान ठणठणीत होते. मी हळू आवाजात चहा विचारला तरी त्यांना ऐकू जायचं.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. "मामा, ती यादी..." एवढंच तोंडातून निघालं.

"ते राहू द्या, साहेब. बाईंचं पूरं ऐकलं का?"

"हो," मी म्हणालो. एक गाणंही ऐकलं नव्हतं. मामांनी मान वाकडी करून माझा 'हो' शेवटपर्यंत ऐकला आणि बसमध्ये चढले.

मागच्या पोळ्यानंतर मामा वारले. काट्यावर आता पावती आपोआप निघते, आणि मी तिथं मोठा क्लार्क आहे. सगळे साहेब म्हणतात.

बाई घनसावंगीजवळच राहतात. जीपने तासाभराचा रस्ता आहे. त्यांना जाऊन सांगायचं आहे की मामांनी त्यांना एक नंबर दिला होता आणि तो मी काढला. आणि त्यांची नऊ गाणी, त्यांच्यासमोर बसून, पूरी ऐकायची आहेत. एवढं माझ्याकडून राहिलं आहे.