मिठाच्या गाण्यातलं नाव

डॉक्टरांनी माझ्या घशात दांडीचा छोटा आरसा घातला, आत उजेड पाडला आणि म्हणाले, "व्होकल कॉर्डवर नोड्यूल आहेत." म्हणजे आवाजाच्या पडद्यांवर गाठी; बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा पडतो तशा. "सहा आठवडे एक शब्द नको. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर गाणं विसरा."

दारव्ह्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात गाणी रचणारा मी एकटा. होळीला मी लेंगी, म्हणजे आमचं होळीचं गाणं उचललं, की तीन कोसांवरच्या म्हशी पान्हा सोडत. विदर्भ नव्या महाराष्ट्रात आला त्याच्या पुढच्या होळीला पाच दिवस गायलो. सहाव्या दिवशी घशातून बेडूक बोलला, तोही आजारी. महिनाभर काढे प्यालो, मग यवतमाळचा दवाखाना गाठला.

"यांना घरी पाठवलं तर दुपारपर्यंत गातील," डॉक्टर म्हणाले. "इथंच ठेवा."

माझी बायको झमकू म्हणाली, "इतका गप नवरा मले लग्नापासून पाह्यजे होता, डॉक्टरसाहेब."

तुमच्यावर ही वेळ आली तर ऐका: कुजबुजूही नका. मला वाटलं होतं, कुजबुजणं म्हणजे घशाला सुट्टी. डॉक्टरांनी पकडलं आणि सांगितलं, त्यानंही पडद्यांवर ताण येतो. सहा आठवडे पहिल्यापासून मोजायला लावले.

शेजारच्या खाटेवर राजूरच्या खाणीतला गणपत होता, पाय प्लास्टरमध्ये. एका सकाळी तो गाऊ लागला, आणि मी ताडकन उठून बसलो. ते माझं मिठाचं गाणं होतं. माझ्या आज्याचे बैल मिठाच्या गोण्यांसकट अडाण नदीत बसले, त्याचं. अडाणचे मासे तेव्हापासून खारवूनच निघतात.

आमच्यात गाणं रचणारा शेवटच्या ओळीत आपलं नाव ओवतो. तीच त्याची सही. गणपतनं तिथं माझ्या 'हरसिंग'ऐवजी 'भीमा' म्हटलं.

मी पाटीवर लिहिलं, 'गाणं माझं आहे.' पाटी नाकासमोर धरली. गणपत हसला, मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून गायला. त्याला वाचता येत नव्हतं.

आठवडाभर मी शिव्या गिळत होतो. शेवटी झमकूनं विचारलं, "काहून रे भाऊ, हा भीमा कोन?"

"आमच्या पाळीतला होता. त्यानंच शिकवलं गानं. तो गेला खानीत, छत बसलं. घरी मांगं कोनी नाही त्याच्या. मीच घातलं त्याचं नाव. तेवढंच राह्यलं, वयनी."

मी पाटी पुसली.

सहा आठवड्यांनी पुन्हा आरसा. "गाठी विरल्या," डॉक्टर म्हणाले. "हळू गाऊन बघा."

मी गणपतच्या खाटेशी गेलो आणि मिठाचं गाणं हळूच म्हटलं. शेवटची ओळ आली तसा तो सावरून बसला. गाणं माझं आहे, हे झमकूनं त्याला सांगून टाकलं होतं. मी 'भीमा' म्हटलं. गणपतनं तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला गप बसवलं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं गाणं पूर्ण ऐकलं. आवाज आता थोडा बसका आहे, म्हशी एकाच कोसापर्यंत ऐकतात. राजूरकडे मात्र ते गाणं भीमाचंच म्हणून चालतं, आणि कोणी विचारलं तर मीही तसंच सांगतो.